मुंबईची प्राइड आणि तिचा रस्ता : एक प्रकरण अभ्यास

१ फेब्रुवारी २०२० ला, शनिवारी, मुंबईची प्राइड, म्हणजे समलिंगी आणि ट्रान्स मंडळींचा दरवर्षीचा मोर्चा, चाललीच नाही. लोक जमले होते, झेंडे होते, फलक होते, पण सगळं आझाद मैदानात, पोलिसांनी ठरवून दिलेल्या वेळात आणि एका जागी उभं राहून. त्याआधी कितीतरी वर्षं हाच जमाव ऑगस्ट क्रांती मैदानातून निघून ग्रँट रोड-गिरगावच्या रस्त्यांवरून चालायचा, दुकानदार बाहेर येऊन बघायचे, गॅलऱ्यांतून मोबाईल निघायचे, बेस्टची बस अडकली की खिडकीतून डोकी बाहेर यायची. त्या वर्षी यातलं काहीच झालं नाही, आणि वर त्या जागीच उभं राहून दिलेल्या घोषणांवरून दोन-तीन दिवसांत देशद्रोहाचा गुन्हा दाखल झाला, एका विद्यार्थ्यासह पन्नासेक जणांवर.

या प्रकरणावर त्या वेळी बोललं गेलं ते बहुतेक घोषणांबद्दल. कोण काय ओरडलं, का ओरडलं, आयोजकांनी काय खुलासा केला. माझं म्हणणं असं की ही गोष्ट घोषणांच्या आधी सुरू होते, परवानगी नाकारली तिथे. मुंबईच्या प्राइडचा इतिहास म्हणजे जागेचा इतिहास आहे, कुठे उभं राहू देतात, कुठून चालू देतात, कोण देतं आणि कधी काढून घेतं. म्हणून २०२० कडे यायच्या आधी मागचं थोडं सांगतो.

रस्त्यावर येण्याआधी

१९९० मधे अशोक राव कवी आणि मंडळींनी 'बॉम्बे दोस्त' हे समलिंगींसाठीचं नियतकालिक सुरू केलं, १९९४ मधे हमसफर ट्रस्ट ही संस्था झाली आणि तिला सांताक्रूझच्या वाकोल्यात महापालिकेच्या जुन्या इमारतीत जागा मिळाली. ही गोष्ट मला अजूनही मोठी वाटते. कलम ३७७ जसंच्या तसं लागू होतं, म्हणजे दोन पुरुषांचा संबंध हा कायद्याने गुन्हा, आणि तरी महापालिकेच्या इमारतीत गे पुरुष जमायचे, एचआयव्हीबद्दल बोलायचे, चहा प्यायचे. १९९५ मधे लेस्बियन आणि बायसेक्शुअल बायकांचा 'स्त्री संगम' सुरू झाला, तोच पुढे 'लाबिया' झाला. १९९८ मधे 'गे बॉम्बे' आलं, ते आधी इंटरनेटवर आणि मग पार्ट्या, मीटिंगा. कुलाब्याच्या वुडूज पबमधली शनिवारची रात्र तर त्या काळातल्या माणसांना आजही आठवते.

पण हे सगळं चार भिंतींच्या आत होतं. बाहेर म्हणजे लोकलचे काही ठरावीक डबे, काही स्टेशनांची मुतारी, काही बागा, आणि तिथे पोलिसांची भीती, पैसे उकळणारे, मारहाण. १९९८ च्या डिसेंबरमधे दोन बायकांच्या प्रेमावरच्या सिनेमावरून मुंबईत थिएटरं फोडली होती, त्यामुळे रस्त्यावर आलो तर काय होऊ शकतं ते सगळ्यांना दिसलेलं होतं. हिजडा समाज मात्र कायम रस्त्यावरच होता, त्यांना लपायची सोयच नव्हती, आणि ही गोष्ट पुढच्या सगळ्या चर्चांत लक्षात ठेवायला हवी.

भारतात पहिली चाल निघाली ती कोलकात्यात, २ जुलै १९९९ ला. पंधरा माणसं, पिवळे टीशर्ट, आणि नाव दिलं होतं फ्रेंडशिप वॉक. त्यात मुंबईहून गेलेलेही होते. मग जवळजवळ नऊ वर्षांनी, २९ जून २००८ ला, दिल्ली, बंगळुरू आणि कोलकाता एकाच दिवशी चालले. मुंबईने तो दिवस घेतला नाही, तिने स्वतःचा दिवस निवडला.

१६ ऑगस्ट २००८

स्वातंत्र्यदिनाचा दुसरा दिवस. नावच ठेवलं 'क्वीअर आझादी', क्वीअर म्हणजे समलिंगी, ट्रान्स वगैरे सगळेच, संयोजन करणाऱ्यांचा गट तो क्वीअर आझादी मुंबई, सगळे म्हणतात क्यूएएम. ही एक संस्था नाही, वेगवेगळ्या संस्था, गट आणि सुटी माणसं मिळून हे करतात.

जागा निवडली ऑगस्ट क्रांती मैदान, म्हणजे जुना गोवालिया टँक. ८ ऑगस्ट १९४२ ला इथेच काँग्रेसच्या अधिवेशनात 'भारत छोडो'चा ठराव झाला, 'करेंगे या मरेंगे' इथेच म्हटलं गेलं आणि दुसऱ्या दिवशी अरुणा असफ अलींनी झेंडा फडकवला. आता ३७७ हे कलम १८६० च्या दंडसंहितेतलं, ब्रिटिशांनी लिहिलेलं. तेव्हा मागणी काय होती बघा, ब्रिटिश सरकारने या कलमाबद्दल माफी मागावी. पुढे '३७७ क्विट इंडिया'चे फलकही याच मैदानावर दिसायला लागले. मला यात संयोजकांची हुशारी दिसते आणि हिंमतही, कारण 'हे पाश्चात्त्यांचं खूळ आहे' असं तेव्हा जो तो म्हणायचा, त्याला उत्तर म्हणून त्यांनी जागा आणि तारीखच अशी धरली की बाहेरून आलंय ते कलम, आम्ही इथलेच आहोत, हे भाषण न करता कळावं.

मोर्चा तिथून निघून गिरगाव चौपाटीपर्यंत गेला. शंभर-दोनशे माणसं नव्हती, त्याहून बरीच जास्त होती. काहींनी मुखवटे घातले होते. त्या मुखवट्यांबद्दल आज तरुण मुलं नाक मुरडतात, पण तेव्हा वर्तमानपत्रात फोटो आला की नोकरी जायची, घर जायचं, आणि कायद्याने तुम्ही गुन्हेगारच होता. मुखवटा घालून का होईना पण भर रस्त्यात चालणं हे त्या माणसांसाठी काय असेल याचा विचार करा.

गिरगावाला मिरवणूक नवी नाही. विसर्जनाला तो सगळा भाग रात्रभर रस्त्यावर असतो, पाडव्याला शोभायात्रा निघते, चौपाटीवर टिळकांचा पुतळा आहे. रस्ता अडवून चालणारी माणसं बघायची त्या भागाला सवय आहे, आणि माझ्या मते मोर्च्याला पहिल्यापासून तिथे फार त्रास झाला नाही याचं एक कारण हेच. लोक थांबतात, बघतात, कोणाचा आहे विचारतात. सांगितलं की कधी हसतात, कधी 'बरं बरं' म्हणतात, एखादी आजी हात हलवते.

पुढच्या वर्षी, २ जुलै २००९ ला, दिल्ली उच्च न्यायालयाने नाझ फाउंडेशनच्या खटल्यात प्रौढांमधले संमतीचे खाजगी संबंध ३७७ मधून बाहेर काढले. निकाल देणारे मुख्य न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा हे मूळचे सोलापूरचे, आधी मुंबई उच्च न्यायालयात होते, हे आपल्याकडे फार कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. १६ ऑगस्ट २००९ चा मोर्चा त्या निकालाच्या आनंदात निघाला. त्यानंतर मोर्चा ऑगस्टमधून उचलून जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला आणला गेला. फायदा उघडच होता, पाऊस नाही, दहीहंडी-गणपतीचा बंदोबस्त डोक्यावर नाही, हवा बरी. तोटा एकच, स्वातंत्र्यदिनाशी जोडलेली तारीख गेली. मैदान मात्र तेच राहिलं.

मोर्चा उभा कसा राहतो

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की एक दिवस ठरला, लोक आले, नाचले, गेले. तसं नसतं. आधीपासून मीटिंगा चालतात, आणि त्या मीटिंगांत भांडणं होतात, खरी भांडणं. बायकांना पुढे बोलायला मिळतं का, ट्रान्स पुरुषांचा उल्लेख कोण करतं का, स्टेजवर इंग्रजीच का, डीजेच्या ट्रकवर कोण चढणार, दलित क्वीअर मंडळींचा मुद्दा घोषणांमधे येणार का. पैसा जमवायचा तर फंडरेझर, वर्गणी, पार्टीचं तिकीट. मोर्च्याआधीचा महिना कार्यक्रमांचा असतो, मेळा, खेळ, नाटक, फिल्म, चर्चा.

आणि मग परवानग्या. मैदान महापालिकेच्या डी वॉर्डात येतं, पोलीस ठाणं गावदेवी. मैदानाची परवानगी वेगळी, मोर्च्याची वेगळी, ट्रॅफिकची वेगळी, लाऊडस्पीकरची वेगळी. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ मधल्या तरतुदींनुसार मिरवणुकींवर नियंत्रण पोलिसांकडे असतं, त्यातल्या कलम ३७ खाली मुंबईत वेळोवेळी जमावबंदीचे आदेश निघतच असतात, पाच किंवा त्याहून जास्त माणसांनी परवानगीशिवाय जमायचं नाही वगैरे, सामान्य माणसाला ते कळतही नाहीत. म्हणजे परवानगी हा कागद मिळाला तरच तुमची मिरवणूक, नाहीतर तोच जमाव बेकायदेशीर. दरवर्षी कोणीतरी व्हॉलंटियर चौकीच्या बाकड्यावर फाईल मांडीवर घेऊन बसलेला असतो, आणि साहेब आले की पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगतो की प्राइड म्हणजे काय, किती लोक येतील, कुठून निघणार, किती वाजता संपणार, कोणता पक्ष आहे का मागे. या माणसाचं नाव कुठल्याच बातमीत येत नाही.

मोर्च्याच्या दिवशीचं एक सांगतो कारण ते फोटोत दिसत नाही. दुपारी दोन-अडीचला मैदानाच्या आसपास गेलात तर दिसेल, नालासोपारा, कल्याण, पनवेलहून आलेली पोरं साध्या शर्ट-पॅन्टमधे उतरतात, पाठीवर सॅक. मग कुठे सुलभ शौचालयात, कुठे एखाद्या गाडीच्या आडोशाला कपडे बदलतात, मोबाईलच्या कॅमेऱ्यात बघून काजळ लावतात, एक जण दुसऱ्याच्या साडीच्या निऱ्या धरतो. संध्याकाळी उलटं. ओल्या टिश्यूने लिपस्टिक खरवडून काढायची, टिकली सॅकच्या आतल्या बाजूला चिकटवायची, शर्ट चढवायचा आणि ग्रँट रोडहून स्लो पकडायची. अशा वेळी एकाने मला विचारलं होतं की कानामागे ग्लिटर राहिलंय का बघ, आणि मी बघून ते पुसून दिलं. त्याला घरी वडिलांशेजारी जेवायला बसायचं होतं.

चालताना दोन्ही बाजूंना व्हॉलंटियर दोरी धरून असतात, म्हणजे ट्रॅफिक एका बाजूला आणि आपण एका बाजूला. ती दोरी धरणं सगळ्यात कंटाळवाणं काम, तुम्हाला नाचता येत नाही, हात दुखतात, बाइकवाले शिव्या देतात. पण मोर्चा शिस्तीत गेला, कचरा उचलला, वेळेत संपला, हे पुढच्या वर्षीच्या अर्जात लिहायला लागतं. वर्षानुवर्षं असा विश्वास कमवलेला होता, आणि २०२० मधे तो उपयोगी पडला नाही, म्हणून हे सगळं इतकं सांगितलं.

कोर्टाच्या तारखा आणि मोर्च्याच्या तारखा

११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीचा निकाल फिरवला, ३७७ परत आलं. चार वर्षं जी माणसं घरी सांगून, ऑफिसात सांगून बसली होती ती एका सकाळीत परत गुन्हेगार झाली. २८ जानेवारी २०१४ ला फेरविचार याचिकाही फेटाळली आणि लगेच त्या शनिवारी मुंबईचा मोर्चा होता. त्या वर्षीचा मोर्चा हा उत्सव कमी आणि निषेध जास्त होता, घोषणा देताना लोकांचे आवाज बसले होते. एप्रिल २०१४ मधे नालसा निकाल आला, तृतीयपंथीयांना स्वतःची ओळख स्वतः ठरवायचा हक्क मिळाला, त्यात ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी आणि मूळ पुण्याच्या गौरी सावंत यांचा वाटा होता. म्हणजे एकाच देशात, चार-पाच महिन्यांच्या आत, एकाच न्यायालयाने ओळख दिली आणि प्रेम काढून घेतलं.

२ फेब्रुवारी २०१६ ला क्युरेटिव्ह याचिका, म्हणजे फेरविचारही फेटाळल्यावर उरलेली शेवटची याचिका, पाच न्यायाधीशांकडे गेली, त्याच आठवड्यात मोर्चा. जानेवारी २०१८ मधे सर्वोच्च न्यायालयाने ३७७ चा पुनर्विचार मोठ्या पीठाकडे सोपवला, तोही मोर्च्याच्या महिनाभर आधी. असं झालं की मुंबईचा मोर्चा ही दरवर्षी दिल्लीत काय चाललंय त्याची पावती फाडायची जागा झाली. आईबाप यायला लागले, २०१७ मधे मुंबईत 'स्वीकार' हा पालकांचा गट सुरू झाला, आणि एखादी पन्नाशीतली बाई 'माझा मुलगा गे आहे' असा फलक धरून चालताना बघितली की आजूबाजूची पोरं रडायला लागायची, हे मी स्वतः पाहिलंय.

६ सप्टेंबर २०१८ ला ३७७ गेलं, संमतीच्या संबंधांपुरतं. २०१९ च्या फेब्रुवारीत हजारो लोक आले, आयुष्यात पहिल्यांदा आलेले कितीतरी. कंपन्यांचे गट आले, छापील टीशर्ट आले, इन्फ्लुएन्सर आले. मुखवटे जवळपास नाहीसे झाले. काही जुने कार्यकर्ते म्हणत होते की आता ही पार्टी झाली, राजकारण कुठे गेलं. मला तेव्हा ते पटलं नव्हतं आणि आजही पूर्ण पटत नाही, ज्याला आजवर नाचता आलं नाही त्याने एक दिवस नाचलं तर काय बिघडलं. पण त्यांचा मुद्दा पुढच्याच वर्षी वेगळ्या पद्धतीने समोर आला.

२०२० ला नेमकं काय झालं

पार्श्वभूमी लक्षात घ्या. नोव्हेंबर २०१९ च्या शेवटी संसदेत ट्रान्सजेंडर कायदा मंजूर झाला, १० जानेवारी २०२० पासून लागू. ट्रान्स लोकांचा त्याला कडाडून विरोध होता, कारण नालसाने दिलेली स्वतःची ओळख स्वतः ठरवायची मुभा काढून जिल्हाधिकाऱ्याचं सर्टिफिकेट आणलं. डिसेंबरमधे सीएए, म्हणजे नागरिकत्व दुरुस्ती कायदा, आला. एनआरसीत, म्हणजे नागरिकांच्या नोंदणीत, कागद मागणार म्हटल्यावर सगळ्यात आधी घाबरले ते घरातून हाकललेले ट्रान्स लोक, ज्यांच्याकडे आईबापाचे कागद नाहीत आणि स्वतःचे आहेत ते जुन्या नावाचे. म्हणजे हे दोन विषय वेगळे नव्हतेच, एकाच माणसाच्या अंगावर दोन्ही कायदे येत होते. 'प्राइडमधे सीएएचा काय संबंध' असं विचारणाऱ्याने हे समजून घ्यावं.

आणि जागा. १९ डिसेंबर २०१९ ला सीएएविरोधी प्रचंड सभा झाली ती ऑगस्ट क्रांती मैदानावरच. जानेवारीच्या सुरुवातीला दिल्लीच्या जेएनयू विद्यापीठातल्या हल्ल्यानंतर गेटवेवर लोक बसले, त्यांना पोलिसांनी उचलून आझाद मैदानात नेलं. २६ जानेवारीपासून नागपाड्यात मोर्लंड रोडवर बायका बसल्या. तेव्हा पोलिसांच्या दृष्टीने ऑगस्ट क्रांती मैदान ही प्राइडची जागा उरली नव्हती, सीएए आंदोलनाची झाली होती.

कार्यक्रमाच्या तोंडावर पोलिसांनी मोर्च्याला परवानगी नाकारली. कारण असं की सीएए-एनआरसीविरोधी लोक यात शिरतील आणि कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न होईल. राज्यात तेव्हा महाविकास आघाडीचं सरकार होतं, त्यामुळे हे एका पक्षाने केलं असं म्हणून सुटता येत नाही. शेवटी आझाद मैदानात थोड्या तासांची सभा मान्य झाली, चालायचं नाही.

चालणारा जमाव आणि उभा जमाव यांत फरक असतो. चालताना डीजे पुढे, ढोल मागे, मधे दहा गट, प्रत्येकाची आपली घोषणा, पुढे गेली की विरली. उभ्या जमावात घोषणा एका जागी साचते, त्याच कॅमेऱ्यासमोर, आणि आझाद मैदान ही जागाच निषेधाची, तिथे माणूस घुसला की घोषणा आपोआप येते. शिवाय परवानगी नाकारल्याचा राग प्रत्येकाच्या मनात होता. ज्या गोष्टीच्या भीतीने मोर्चा अडवला तीच गोष्ट अडवल्यामुळे मैदानात जास्त ठळक झाली, असं माझं स्पष्ट मत आहे.

काहींनी सीएए आंदोलनातल्या शर्जील इमाम या जेएनयूच्या विद्यार्थ्याच्या समर्थनाची घोषणा दिली, त्याला त्याच आठवड्यात, २८ जानेवारीला अटक झालेली होती. घोषणेचा व्हिडिओ फिरला, भाजपच्या नेत्यांनी कारवाईची मागणी केली, आणि आझाद मैदान पोलिसांनी कलम १२४ अ (देशद्रोह), १५३ ब, ५०५ वगैरे लावून गुन्हा नोंदवला. क्यूएएमने लगेच जाहीर केलं की या घोषणांशी आमचा संबंध नाही, आम्ही निषेध करतो. सत्र न्यायालयाने त्या विद्यार्थ्याला अटकपूर्व जामीन नाकारला, मग ११ फेब्रुवारीला मुंबई उच्च न्यायालयाने अंतरिम संरक्षण दिलं.

आता इथे कम्युनिटी उभी फाटली, आणि ती फूट अजून पूर्ण भरलेली नाही. एक बाजू म्हणते, आयोजकांच्या नावावर परवानगी होती, अर्जावर त्यांच्या सह्या, पोलीस आधी त्यांच्या दारात येणार, पुढच्या वर्षी मोर्चा निघायला हवा, शेकडो घाबरलेल्या पोरांची जबाबदारी आहे, मग हात झटकण्यावाचून काय पर्याय होता. दुसरी बाजू म्हणते, काल-परवापर्यंत आपण सगळेच गुन्हेगार होतो, ३७७ खाली, आणि आपल्यातल्याच एका लहान वयाच्या माणसावर जन्मठेपेपर्यंत शिक्षा असलेलं कलम लागलं तेव्हा पहिलं वाक्य 'आमचा संबंध नाही' हे निघालं.

दोन्ही बाजूंच्या माणसांना मी ओळखतो आणि दोन्हीकडची भीती खरी आहे हे मला माहीत आहे. तरी माझा कल दुसऱ्या बाजूला आहे. घोषणा चुकीची वाटली तर तसं जरूर म्हणा, त्यात काही गैर नाही. पण केदारनाथ सिंह खटल्यात १९६२ मधेच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की हिंसेला चिथावणी नसेल तर नुसत्या शब्दांवर देशद्रोह लागत नाही. 'घोषणा आमची नाही, पण देशद्रोहाचं कलम लावणं चूक आहे आणि या माणसाला वकील मिळेल याची आम्ही व्यवस्था करू', एवढं म्हणता आलं असतं. ही तीन वाक्यं आयोजकांना अडचणीत आणणारी नव्हती. १२४ अ सुद्धा ३७७ सारखंच इंग्रजांचं, टिळकांवर लावलेलं, आणि ज्या मोर्च्याने २००८ मधे इंग्रजांच्या कलमाबद्दल माफी मागितली पाहिजे म्हणत सुरुवात केली त्याला ही बाजू घेणं अवघड जायला नको होतं.

पुढे काय झालं

महिन्या-दीड महिन्यात कोविड आला आणि सगळंच बंद झालं. प्राइड ऑनलाइन झाली, घरात अडकलेल्या क्वीअर पोरांचे फोन हेल्पलाइनवर यायचे, तो वेगळाच विषय आहे. रस्त्यावर परत यायला मुंबईला बराच वेळ लागला, बाकीची शहरं आधी उठली. पुण्यात समपथिक ट्रस्टने २०११ मधे सुरू केलेला मोर्चा आहे, तिथे एकदा सभ्य कपड्यात या असं सांगितल्यावरून मोठा वाद झाला होता, नागपूरलाही मोर्चा निघतो. मे २०२२ मधे सर्वोच्च न्यायालयाने १२४ अ ला स्थगिती दिली. ऑक्टोबर २०२३ मधे समलिंगी जोडप्यांना लग्नाचा हक्क नाकारला, त्याआधी 'स्वीकार'च्या चारशेहून जास्त पालकांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं होतं. १ जुलै २०२४ ला अख्खी दंडसंहिताच गेली आणि तिच्याबरोबर उरलंसुरलं ३७७ ही, पण त्यामुळे पुरुषांवर आणि ट्रान्स लोकांवर होणाऱ्या बलात्कारासाठी वेगळं कलमच उरलं नाही, यावर मोर्च्यात जितकं बोललं जायला हवं तितकं बोललं जात नाही.

२०२० बद्दल एक गोष्ट मात्र मला मांडायचीच आहे कारण ती कोणी जोडून बघत नाही. आझाद मैदानाच्या सभेनंतर बाराच दिवसांनी, १३ फेब्रुवारी २०२० ला, मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या लोकांची याचिका मान्य केली. त्यांना जुन्या ईदगाह मैदानावर सीएएविरोधात शांततेत बसायचं होतं, परवानगी नाकारली होती, आणि आधार होता तोच, पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालचा आदेश. न्या. नलावडे आणि न्या. सेवलीकर यांनी तो आदेश रद्द केला आणि म्हटलं की एका कायद्याला विरोध करतात म्हणून लोकांना देशद्रोही, गद्दार म्हणता येणार नाही. माजलगावची साधी माणसं कोर्टात गेली आणि त्यांना मैदान मिळालं. मुंबईत वकिलांची कमतरता नाही, ३७७ च्या लढाईत मुरलेले वकील याच शहरातले आहेत, तरी मोर्चा कोर्टात न जाता आझाद मैदानात गेला. दिवस कमी होते हे खरंच.

म्हणून जे कोणी पुढच्या मोर्च्याचं काम बघतील त्यांना माझं सांगणं आहे. अर्ज निदान दोन महिने आधी द्या आणि पोचपावती घ्या. तोंडी 'बघू' वर थांबू नका, नाकारायचं असेल तर लेखी कारणासकट नाकारा असं सांगा, कारण लेखी नसेल तर कोर्टात दाखवायला काहीच नसतं. याचिकेचा मसुदा आधीच तयार ठेवा, नकार आला की दुसऱ्या दिवशी दाखल करता येईल असा. आणि मोर्च्याच्या परवानगीची फाईल जशी असते तशीच एक वकिलांची यादी करा, नाव, नंबर, कोणत्या पोलीस ठाण्याला कोण पोचेल, आणि ती यादी त्या दिवशी येणाऱ्या प्रत्येकासाठी असेल, घोषणा आपल्याला आवडो न आवडो.